सरकारी अनुदान कोणाच्या हातीं पडतें?
(अमेरिकेंतील एका कौंटीचा धडा)

सरकारनें शेतकऱ्यांसाठीं पैसा मंजूर केला म्हणजे तो शेतकऱ्यांस पोंचला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. तिजोरींतून निघालेला पैसा जमिनीच्या मालकास मिळेल, नांगर धरणाऱ्यास मिळेल, कीं दुकानदाराच्या वहींत परस्पर जमा होईल, हें कायद्याच्या उद्देशावरून ठरत नाहीं. अर्जावर नांव कोणाचें आहे, रकमेचें माप कशावरून घेतलें आहे आणि तक्रार ऐकणारे कोण आहेत, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून तें ठरतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रकारचा अनुभव १९३३ सालापासून, म्हणजे नव्वदांहून अधिक वर्षें, घेतला जात आहे. आपल्याकडेहि आतां शेतकऱ्याच्या खात्यांत सरकारी रक्कम थेट जमा होऊं लागली आहे. यास्तव त्या देशांतील हकीकत आमच्या सभासद-वाचकांपुढें थोडी तपशीलवार मांडावी, असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंत प्रत्येक संस्थानाचे जे कारभारी विभाग असतात, त्यांस कौंटी म्हणतात. अशा कौंट्या त्या देशांत तीन हजारांवर आहेत. शेतकीच्या अनुदानाचा बहुतेक व्यवहार कौंटीच्या ठिकाणीं असलेल्या कचेरींतून चालतो. आम्ही येथें आर्कान्सा संस्थानाच्या ईशान्य भागांतील पॉइन्सेट कौंटीचें उदाहरण घेतों. अनुदानाच्या वाटणीवरून उठलेला सर्वांत गाजलेला तंटा याच कौंटींत झाला.

१. अनुदानाचा आरंभ

१९२९ नंतरच्या मंदींत अमेरिकन शेतकऱ्याची स्थिति अत्यंत हलाखीची झाली. १९३२ सालीं कापसास पौंडामागें सरासरीनें सहा-साडेसहा सेंट मिळत होते. तीन वर्षांपूर्वीं हाच भाव सोळा सेंटांच्या वर होता. गव्हाचा भाव बुशेलास चाळीस सेंटांच्याहि खालीं आला. माल पुष्कळ आणि गिऱ्हाईक नाहीं, अशी अवस्था होती. तेव्हां १२ मे १९३३ रोजीं शेतकी-समायोजनाचा कायदा मंजूर झाला. शेतकऱ्यानें पेरा कमी करावा, त्याबद्दल सरकारनें त्यास रोख रक्कम द्यावी व ती रक्कम मालावर पहिली प्रक्रिया करणाऱ्या गिरण्यांवर कर बसवून उभी करावी, असें या कायद्याचें सूत्र होतें.

कायदा झाला तेव्हां कापूस पेरून उगवलाहि होता. म्हणून त्या उन्हाळ्यांत सुमारें एक कोटि एकरांवरील उभा कापूस नांगरून टाकण्यांत आला. मोबदला एकरीं सात ते वीस डॉलरपर्यंत, जमिनीच्या उताऱ्याप्रमाणें ठरला होता. हातानें लावलेलें पीक हातानेंच मोडावयाचें, ही गोष्ट कोणाहि कुणब्याच्या जिवाला लागणारी आहे, आणि त्या देशांत अन्नवस्त्राविना माणसें असतांना हें करावें काय, असा सवाल तेव्हांहि विचारला गेला. परंतु भाव वर आला, हेंहि खरें. त्याच सालीं कापूस पौंडास दहा सेंटांच्या आसपास गेला. ज्यांची स्वतःची जमीन होती अशा लक्षावधि कुटुंबांचीं घरें या रकमेनें सावकाराच्या घशांत जातां जातां वांचलीं. म्हणून योजना मुळांतच वाईट होती, असें आमचें म्हणणें नाहीं. तिची वाटणी कशी झाली, एवढाच येथें विषय आहे.

२. पॉइन्सेट कौंटींतील वाटेकरी

या कौंटींत त्या काळीं कापसाचे मोठमोठे मळे होते. मळेवाल्याची जमीन, जनावरें, अवजारें व बीं. वाटेकऱ्याचे व त्याच्या बायकामुलांचे कष्ट. आणि पीक निम्में निम्में, अशी तेथील चाल होती. आपल्याकडे जिला अर्धेली किंवा बटाई म्हणतात, तिच्याशीं ही पद्धति बरीच जुळते. हंगामभर लागणारी खावटी वाटेकरी मळेवाल्याच्याच दुकानांतून उधारीवर उचली. कापूस विकल्यावर हिशेब होई, आणि हिशेबाची वही मळेवाल्याकडे असे. बहुतेकांच्या पदरीं वर्षाअखेर कांहींच उरत नसे व कित्येकांवर देणेंच निघे.

अशा व्यवहारांत सरकारी रक्कम आली, ती करारावर सही करणाऱ्याच्या नांवें. सही मळेवाल्याची. १९३३ च्या नांगरटीची रक्कम वाटेकऱ्यास त्याच्या हिश्श्याप्रमाणें द्यावयाची होती. परंतु ती मळेवाल्याच्या हातून जावयाची असल्यामुळें पुष्कळ ठिकाणीं जुन्या उधारींत वळती झाली. सरकारच्या दप्तरीं पैसे दिले गेले. वाटेकऱ्याच्या हातीं मात्र नाणें पडलें नाहीं.

३. नवांतील एक भाग

१९३४ व १९३५ सालांकरितां जो करार झाला, त्यांत हा दोष दूर होण्याऐवजीं पक्का झाला. रक्कम दोन प्रकारची होती. जी जमीन कापसाविना ठेवावयाची तिचें भाडें म्हणून सरासरी उताऱ्याच्या दर पौंडास साडेतीन सेंट, आणि भावांतील तूट म्हणून पौंडास एक सेंट. पहिली रक्कम साध्या वाटेकऱ्याच्या बाबतींत सर्वस्वीं मालकाची. दुसरींत मात्र वाटेकऱ्याचा अर्धा वाटा.

याचा अर्थ नीट कळावा म्हणून एक कल्पित हिशेब मांडून पाहूं. समजा, एका वाटेकऱ्याकडे २५ एकर कापूस आहे व उतारा एकरीं २०० पौंड आहे. एकूण माल ५,००० पौंड. पैकीं शेंकडा ४० जमीन, म्हणजे १० एकर, करारानें मोकळी ठेवली. तिचा उतारा २,००० पौंड; साडेतीन सेंटांप्रमाणें भाडें ७० डॉलर. तुटीची रक्कमहि एकूण मालाच्या शेंकडा ४० वर, म्हणजे २,००० पौंडांवर, एक सेंटाप्रमाणें २० डॉलर. दोन्ही मिळून ९० डॉलर. त्यांपैकीं मालकास ७० अधिक १०, असे ८० डॉलर. वाटेकऱ्यास १० डॉलर. म्हणजे नऊ भागांतील आठ मालकास व एक वाटेकऱ्यास.

आतां दुसरी बाजू पाहा. पेरा १० एकरांनीं कमी झाला, म्हणजे त्या १० एकरांतील अर्ध्या पिकाचा हक्क वाटेकऱ्यानें गमावला. मालकाचें नुकसान भाड्यानें भरून आलें. वाटेकऱ्याचें आलें नाहीं. शिवाय कमी पेऱ्यास कमी हात लागतात. मालकानें वाटेकऱ्यास काढून टाकून मजूर लावला, तर ते दहा डॉलरहि त्याचेच. एवंच, कायद्याचा उद्देश कांहींहि असो, त्याच्या गणितानेंच वाटेकऱ्यास हांकून देण्याचें आमिष मालकापुढें ठेविलें. मालकांतहि भले लोक होते व स्वतः बँकेच्या कर्जांत बुडालेले तर पुष्कळच होते. परंतु भल्या माणसासहि मोहांत पाडील असा नियम हा वाईट नियमच होय.

करारांत एक संरक्षक कलम होतें. मालकानें ‘शक्य तितकें’ करून पूर्वींइतकींच कुळें ठेवावींत, असा त्याचा आशय होता. ‘शक्य तितकें’ या दोन शब्दांनीं कलमाचें सारें बळ हरण केलें. १९३४ च्या सुमारास पॉइन्सेट कौंटींतील एका मळ्यावरून अनेक कुटुंबें काढलीं गेलीं. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत टायरोन्झा या लहान गांवाजवळ अठरा माणसें एका शाळेंत जमलीं. अकरा गोरीं व सात काळीं. त्या प्रांतांत दोन्ही वर्णांच्या लोकांनीं एका संघांत बसणें हें जिवावरचें साहस होतें. त्यांनीं दक्षिणेकडील कुळांचा संघ स्थापन केला. एच. एल. मिचेल व क्ले ईस्ट हे टायरोन्झांतील दोन लहान व्यावसायिक त्याच्या उभारणींत पुढें होते. संघ न्यायालयांत गेला. परंतु करार सरकार व मालक यांमधील आहे, वाटेकरी त्यांतील पक्षकारच नव्हे, या मुद्द्यावर त्यास दाद मिळाली नाहीं. ज्याच्या नांवानें मदत मागितली, त्याचें नांव कागदावर नव्हतें. हा मुद्दा वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावा.

राजधानींतहि यावरून खळबळ झाली. शेतकी खात्यांतील कांहीं वकिलांनीं त्या कलमाचा असा अर्थ लाविला कीं, मालकानें तींच कुळें ठेविलीं पाहिजेत; केवळ कुळांची संख्या कायम राखून भागणार नाहीं. हा अर्थ वरिष्ठांस मानवला नाहीं व फेब्रुवारी १९३५ मध्यें त्या वकिलांपैकीं कित्येकांस कामावरून दूर व्हावें लागलें.

४. नियम सुधारला, परंतु उशीर झाला

६ जानेवारी १९३६ रोजीं अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयानें गिरण्यांवरील कर व त्यावर उभारलेली ही पद्धति घटनाबाह्य ठरविली. लागलीच त्याच वर्षीं जमिनीची धूप थांबविण्याच्या निमित्तानें रक्कम देणारा दुसरा कायदा झाला, आणि १९३८ सालीं अधिक व्यापक कायदा आला. या वेळीं अनुदान मालक व वाटेकरी यांनीं पिकांतील वाट्याच्याच प्रमाणांत घ्यावें असें ठरलें. कुळें कमी केल्यानें मालकाची रक्कम वाढूं नये, अशीहि तरतूद झाली.

नियम न्यायाचा होता. परंतु तोंपर्यंत ट्रॅक्टर आला होता, व ट्रॅक्टर घेण्यास लागणारें भांडवल अनुदानानेंच पुष्कळ मालकांच्या हातीं दिलें होतें. वाटा द्यावा लागतो तर वाटेकरीच कशाला, असा विचार करून अनेकांनीं मजुरीनें काम घेण्यास आरंभ केला. न्यायाचा नियम वेळेवर झाला नाहीं, तर तो ज्याच्यासाठीं करावयाचा तो मनुष्यच शेतावर उरत नाहीं.

५. हल्लींची पद्धति

आतां त्या कौंटींत भात व सोयाबीन हीं मोठीं पिकें आहेत, व पीक मोडण्याचे किंवा पेरा बळें कमी करण्याचे ते दिवस गेले. हल्लींच्या अनुदानाचे मुख्य प्रकार दोन. पहिला भावाचा: कायद्यानें ठरविलेल्या आधारभावाखालीं बाजारभाव गेला, तर फरक सरकार देतें. दुसरा कौंटीच्या उत्पन्नाचा: कौंटीचें एकरीं सरासरी उत्पन्न व भाव यांचा गुणाकार मागील पांच वर्षांच्या मानानें ठराविक मर्यादेखालीं गेला, तर तूट मिळते. पांच वर्षांची सरासरी काढतांना सर्वांत चांगलें व सर्वांत वाईट वर्ष वगळतात. ही मर्यादा पूर्वीं शेंकडा ८६ होती; ४ जुलै २०२५ च्या कायद्यानें ती शेंकडा ९० झाली.

दोन्ही प्रकारांत रक्कम आज पेरलेल्या क्षेत्रावर मिळत नाहीं. त्या जमिनीवर पूर्वीं जें पीक घेतलें जाई, त्यावरून नोंदलेल्या ‘मूळ क्षेत्रा’च्या शेंकडा ८५ भागावर मिळते. उदाहरण घेऊं. २०२५ च्या कायद्यानें गव्हाचा आधारभाव बुशेलास ६.३५ डॉलर केला. समजा, एखाद्या वर्षीं सरासरी बाजारभाव ५.५० डॉलर झाला; तूट ८५ सेंट. शेतकऱ्याचें मूळ क्षेत्र १०० एकर, म्हणजे हिशेबाचें क्षेत्र ८५ एकर. नोंदलेला उतारा एकरीं ४० बुशेल. ८५ गुणिले ४० म्हणजे ३,४०० बुशेल. त्यावर ८५ सेंटांप्रमाणें २,८९० डॉलर. त्या वर्षीं त्यानें गहूं पेरला असो वा नसो, रक्कम तीच.

या पद्धतींत तीन मर्म आहेत. एक, हक्क जमिनीस चिकटला आहे. रोख खंडानें जमीन करणाऱ्या कुळासच अनुदान मिळावें असा नियम आहे. परंतु या जमिनीबरोबर अनुदान येतें हें मालकास ठाऊक असल्यानें तो खंड वाढवितो, व रकमेचा कांहीं भाग मागील दारानें त्याच्याकडे जातो. दुसरें, कौंटीच्या सरासरीचें माप. शेजारच्या भागांत पीक उत्तम आलें आणि आपल्या शेतावर गारा पडल्या, तर आपल्यास कांहीं मिळत नाहीं. उलट आपलें पीक चांगलें असूनहि कौंटी बुडाली, तर मिळतें. तिसरें, वेळ. भावाचें वर्ष संपून हिशेब झाल्यावरच पैसे येतात. पीक काढल्यापासून वर्षभर किंवा अधिक वाट पाहावी लागते. ज्याच्या गांठीस पैसा आहे तो थांबूं शकतो. ज्याच्या नाहीं त्यास व्याज भरावें लागतें.

रकमेस माणशीं मर्यादा असावी, असा प्रयत्न १९७० च्या कायद्यापासून आहे. तेव्हां ती दर पिकास ५५,००० डॉलर होती. २०१८ च्या कायद्यांत वरील अनुदानांस वर्षाकाठीं माणशीं १,२५,००० डॉलर अशी मर्यादा होती. २०२५ मध्यें ती १,५५,००० झाली. परंतु मर्यादा माणशीं म्हटली कीं माणसें वाढतात. भागीदारी करून प्रत्येक भागीदाराच्या नांवें स्वतंत्र मर्यादा घेण्याची युक्ति जुनी आहे. ती रोखण्यास १९८७ सालीं कायदा करावा लागला, तर २०१८ च्या कायद्यानें चुलतभाऊ, पुतणे व भाचे यांसहि कुटुंबाच्या व्याख्येंत घेऊन वाट पुन्हा रुंद केली.

६. कौंटी कमिटी

या सर्व व्यवहारावर देखरेख करण्यास प्रत्येक कौंटींत शेतकऱ्यांनीं निवडलेली कमिटी असते. सभासद तीन ते अकरा; मुदत तीन वर्षांची. शेतीचे प्रश्न शेतकऱ्यांनींच सोडवावे, ही कल्पना उत्तम आहे आणि आम्हांसारख्या संस्थांस ती आवडावी हें साहजिक आहे. परंतु हिचाहि इतिहास सावधपणें वाचावा. १९३० नंतरच्या दशकांत कापसाच्या प्रांतांतील कमिट्यांवर जमीनमालकच प्रामुख्यानें होते. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच पंगतींतील मंडळी चौकशीस. मग निकाल काय लागावयाचा? पुढें काळ्या शेतकऱ्यांनीं, कौंटीच्या कचेऱ्यांतून आपणांस कर्ज व मदत देण्यांत पक्षपात झाला, असा दावा शेतकी खात्यावर लाविला. १९९९ सालीं त्यांत तडजोड झाली व तिच्या अन्वयें सरकारला सुमारें एक अब्ज डॉलर भरपाई द्यावी लागली. निवडणूक झाली एवढ्यानें न्याय होतो असें नाहीं; ज्यांचें नुकसान होण्याचा संभव आहे, त्यांस कमिटींत जागा असली पाहिजे.

७. आपणांस यांतून काय घ्यावयाचें

प्रधानमंत्री किसान सन्मान निधि ही केंद्र सरकारची योजना २०१९ सालीं सुरू झाली. तींत पात्र शेतकरी कुटुंबास वर्षास ६,००० रुपये, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांनीं, थेट बँकेच्या खात्यांत मिळूं लागले. महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं नमो शेतकरी महासन्मान निधि योजनेनें तेवढ्याच रकमेची भर घातली. अमेरिकन पद्धतीशीं ताडून पाहतां यांत दोन गुण स्पष्ट दिसतात. रक्कम एकरांच्या प्रमाणांत वाढत नाहीं, म्हणून मोठा धारक मोठा वाटा नेत नाहीं. आणि ती मध्यस्थाच्या हातून जात नाहीं. पॉइन्सेटच्या वाटेकऱ्यास हें दुसरें भाग्य लाभलें असतें, तर अर्धा तंटा मिटला असता.

परंतु उरलेला अर्धा आपल्याकडेहि शिल्लक आहे. पात्रता जमिनीच्या नोंदीवरून ठरते. ज्याच्या नांवें सातबारा नाहीं, पण जो दुसऱ्याचें शेत बटाईनें किंवा खंडानें कसतो, त्याचें नांव यादींत येत नाहीं. बियाणें त्याचें, खत त्याचें, पाऊस चुकला तर नुकसान त्याचें. आणि शेतकरी म्हणून मिळणारी रक्कम मात्र शहरांत राहणाऱ्या मालकाच्या खात्यांत जाऊं शकते. पीकविम्याचेंहि तसेंच. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेंत बटाईदारास भाग घेतां येतो. परंतु तोंडी व्यवहारास कागदाचा आधार नसतो. तसेंच नुकसानीचें माप महसूल मंडळाच्या सरासरीवरून निघत असल्यानें कौंटीच्या सरासरीविषयीं वर सांगितलेली अडचण येथेंहि लागू पडते.

तोंडी व्यवहार कां चालतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मुंबई इलाख्यांतील १९४८ च्या कूळकायद्यानें व पुढें १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानें कसणाऱ्यास मालकी मिळाली, आणि तेव्हांपासून जमीन लेखी लावून दिली तर ती जाईल ही धास्ती मालकांच्या मनांत बसली. ती केवळ हंसण्यावारीं नेण्याजोगी नाहीं. परंतु तिचा परिणाम असा कीं, आज कसणारा कागदावर कोठेंच नाहीं. सबब पुढील सूचना आम्ही सभासदांपुढें ठेवितों.

पहिली, बटाई किंवा खंडाचा व्यवहार शक्य तेथें लेखी करावा, व तो लिहितांना सरकारी मदत, विम्याची भरपाई आणि खर्च यांची वाटणी त्यांतच नमूद करावी. ‘शक्य तितकें’, ‘रीतीप्रमाणें’ असले सैल शब्द टाळावे. रुपये व हिस्सा आंकड्यांत लिहावा. मालकाच्या धास्तीचा विचार करून अशा लेखाचा नमुना माहितगार वकिलाकडून तयार करवून घेणें, हें गांवोगांवच्या सोसायट्यांचें काम आहे.

दुसरी, पिकाची नोंद वेळेवर करावी. २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणीनें ही नोंद शेतकऱ्यास स्वतः मोबाईलवरून करतां येऊं लागली. नोंद नसली म्हणजे पीक असूनहि नाहींसें होतें.

तिसरी, पीक-कापणीचा प्रयोग गांवांत होईल तेव्हां शेतकऱ्यांनीं हजर राहावें. सगळ्या मंडळाचें माप त्या थोड्याशा गुंठ्यांवरून ठरावयाचें असतें. तेथें अर्धा दिवस मोडला तरी तो फुकट जात नाहीं.

चौथी, सोसायटीच्या पंचांत निदान एक जागा दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यास द्यावी, व अनुदानाच्या यादीचें वाचन वर्षांतून एकदां सभेंत उघडपणें व्हावें.

नव्या योजनेची बातमी आली कीं रक्कम किती, हें आपण प्रथम विचारतों. त्याबरोबर ती कोणाच्या नांवें, कोणत्या मापानें, केव्हां आणि तक्रार कोणाकडे, हे चार प्रश्नहि विचारण्याची संवय आमच्या सभासदांनीं लावून घ्यावी. टायरोन्झाच्या अठरा माणसांनीं ते प्रश्न विचारले, तेव्हां करारावर सह्या होऊन गेल्या होत्या. आपल्या सभा मात्र सह्यांच्या आधीं भरूं शकतात.